पाहुण्यांच्या कोपऱ्यावरचं छत

हे लिहायचं नाही असं पत्र्यानं जवळपास पक्कं केलं होतं. एरवी सामना झाला की पाठीराख्यांच्या ग्रुपवर काय काय घडलं ते टाकायचं काम त्याचंच. कुणी नेमलं नव्हतं, आपोआप गळ्यात पडलं होतं. चहाच्या सुट्टीत चार ओळी, बसथांब्यावर चार ओळी, अंगठ्यानं टाइप करायच्या आणि चुकांसकट पाठवून द्यायच्या. लोक त्याच्या चुकांना हसायचे, पण वाट बघायचे. या वेळी त्यानं एवढंच टाकलं, 'हरलो. खाली गेलो.' आणि फोन खिशात कोंबला.

बाकी सगळं टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंच होतं. पण टीव्हीवर दिसलं ते मैदानातलं. पाहुण्यांच्या कोपऱ्यात, बाहेरून आलेल्या संघाच्या पाठीराख्यांना बसवतात तिथं, काय झालं ते कॅमेऱ्यानं दाखवलं नाही, आणि ते पोटात ठेवून त्याला जेवण जाईना. म्हणून शेवटी लिहायला घेतलं. तेही एका दमात नाही.

पत्र्या म्हणजे छताला पत्रे बसवणारा. गोदाम, कारखाना, गाड्यांची शेड, जिथं कुणाच्या डोक्यावर काही घालायचंय तिथं तो आणि त्याची टोळी. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचं सगळं शिडीवर शिकला. आणि भोंगा म्हणजे त्याचा मित्र, मैदानावर भेटलेला. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. बाजाराच्या या टोकाला उभा राहून बोली लावायला लागला की त्या टोकाचा हमाल मान वर करायचा. त्याची बायको म्हणायची, "हे घरात कुजबुजले तरी शेजारचे दार उघडून विचारतात, काय झालं?"

या आवाजावर त्यांच्या संघाची एक रीत बसली होती. सामना सुरू व्हायच्या आधी भोंगा उभा राहून खेळाडूंचे नंबर पुकारायचा, लिलावात पुकारतो तसेच, शेवटचं अक्षर लांबवत. "एऽऽक!" म्हटलं की गोलकीपर मागं न बघता नुसता हात वर करायचा. मग दोन, मग तीन. एकेक हात वर जायचा आणि पाठीराख्यांच्या अंगावर काटा यायचा. गोलकीपर तर एकदा मुलाखतीत म्हणाला होता, "मला मागं डोळे नाहीत, मागं भोंगा आहे." कारण भोंगा नेहमी गोलच्या मागं उभा राहायचा आणि कुणी चोरपावलांनी आत शिरलं की बोंब ठोकायचा, "मागं! मागं माणूस!" त्या बोंबेनं किती गोल वाचले ते मोजायला कुणी बसलं नाही, पण वाचले.

मग त्याचा आवाज बसला. सगळे म्हणाले, ओरडून बसला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या, वाफ झाली. शेवटी डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून बघितलं आणि सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. आणि उशीर करू नका. भोंगा दवाखान्यात भरती झाला आणि संध्याकाळी कपडे बदलून मागच्या जिन्यानं घरी आला. "हंगाम संपू दे, मग काय कापायचं ते कापा."

हंगाम संपत आला. शेवटचा सामना परक्या मैदानावर. बरोबरी झाली तरी वरच्या गटात राहणार, हरले तर खालच्या. सामना शनिवारी दुपारी आणि सोमवारी सकाळी दवाखाना. निघताना भोंग्याच्या बायकोनं पत्र्याला दारातच अडवलं.

"भावजी, तुम्ही जिंका नाहीतर हरा, मला देणंघेणं नाही. सोमवारी हे दवाखान्यात पाहिजेत."

"वहिनी, मी स्वतः उचलून आणतो."

"उचलून नका आणू. उचलून नेलेला माणूस जिन्यानं परत येतो, बघितलं मी. पटवून आणा."

आतून भोंग्याचा घोगरा आवाज आला, "कोण कुणाला उचलतंय?"

"तुमचं वजन बघता कुणीच नाही," वहिनी म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसत आत गेल्या.

पत्र्यानं एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, भोंग्यालाही नाही. हे परकं स्टेडियम त्याला आवडायचं. आवडायचं म्हणजे जीव जडला होता. हंगामाच्या आधी त्याच्या मुकादमानं तिथलं छताचं काम घेतलं होतं आणि पत्र्या उन्हाळाभर तिथंच लटकलेला होता. शत्रूच्या घराचं छप्पर शाकारायला गेलो होतो हे आपल्या लोकांत कुठल्या तोंडानं सांगायचं? बाहेरगावी काम आहे, एवढंच तो बोलला होता.

पण रिकामं स्टेडियम ज्यानं बघितलं नाही त्याला काय सांगणार. खुर्च्यांवर प्लास्टिक ओढलेलं. गवत वाढावं म्हणून त्यावर चाकांचे मोठे दिवे लावून ठेवलेले, आजारी माणसाला सलाईन लावावं तसे. एक म्हातारा रोज सकाळी येऊन गवताच्या एकाच ठिगळापाशी उकिडवा बसायचा आणि त्याच्याशी काहीतरी बोलायचा. पत्र्या दुपारी डबा घेऊन सगळ्यात वरच्या रांगेत बसायचा. समोर एवढी मोठी वाटी हिरव्या रंगाची, आणि आपण एकटे. त्याला वाटायचं, लोक देवळात जाऊन जे काय मिळवतात ते हेच असणार.

त्याच्या वाट्याला एका कोपऱ्याचं छत आलं होतं. त्या कोपऱ्यामागं वस्ती होती. तिथल्या लोकांनी गोंगाटाची तक्रार केली होती, म्हणून तिथं वेगळा माल, खालच्या बाजूनं बारीक भोकं पाडलेले पत्रे आणि त्यांच्या मागं जाड लोकरीचे थर. काम संपलं तेव्हा देखरेखीवरच्या साहेबांनी खाली उभं राहून टाळी वाजवली.

"ऐकलंस?"

"काय साहेब?"

"तेच तर! काही नाही. टाळी परत आलीच नाही."

पत्र्यानंही वाजवली. खरंच, टाळी हातातून निघाली आणि वर विरघळून गेली. त्याला इतका अभिमान वाटला की त्यानं त्या छताचा फोटो काढून ठेवला. तो कोपरा कुणाचा, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

शनिवारी झडती देऊन, पाण्याची बाटली कुणी फेकून मारू नये म्हणून तिचं झाकण दारावरच्या माणसाच्या हातात ठेवून, जाळीच्या बोळातून सगळे वर आले तेव्हा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पाहुणे'. पत्र्यानं मान वर केली. आपलीच भोकं. आपलेच स्क्रू. एका जोडाला तर त्यानं घाईत दोन वेगळ्या रंगांचे वॉशर लावले होते, तेही तिथंच होते.

  म्हटलं, कदाचित माणसं भरली की फरक पडत नसेल.

भोंगा नेहमीसारखा सगळ्यात खालच्या रांगेत, गोलच्या मागं. छाती भरून घेतली. मानेभोवती मफलर होता तो सोडला. आणि पुकारलं, "एऽऽक!"

गोलकीपर हातमोजे ओढत उभा होता. ओढतच राहिला.

"एऽऽक!"

त्यानं खांब हातानं चाचपला, पाणी प्यायला.

भोंग्यानं दोन पुकारलं, तीन पुकारलं. कुणाचा हात वर गेला नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "भोंग्या, सेल संपले का रे?" लोक हसले. भोंगाही हसला, मागं वळून घशावर बोट आपटून "चार्जिंगला लावतो" अशी खूण केली. पण वळला तेव्हा पत्र्याला त्याचं तोंड दिसलं. ते तोंड त्यानं आधी एकदाच बघितलं होतं, कॅमेरा घालून आले त्या दिवशी.

पहिला अर्धा भाग कसाबसा गेला. दुसऱ्या भागात संघांनी बाजू बदलल्या आणि आपला गोलकीपर मैदानाच्या समोरच्या टोकाला गेला. विश्रांतीत मैदानाच्या त्या टोकाच्या जाळीची दोरी तुटली, ती बांधेपर्यंत पंचांनी सगळ्यांना ताटकळत ठेवलं, आणि त्या गडबडीत भोंगा पत्र्याला घेऊन कोपऱ्याच्या पार दुसऱ्या कडेला सरकला, जिथून आपला गोल तिरका पण स्वच्छ दिसतो. कोपरा गोलाकार होता, कडेला गेलं की दोन्हीकडचं थोडं थोडं मिळायचं. आपला गोलकीपर तिथून लांब होता. भोंगा म्हणाला, "पोचवतो. बाजाराएवढं तर आहे."

शून्य-शून्य. वेळ संपत आलेला. लोकांनी नखं खाल्ली होती, आता बोटं बाकी होती. त्यांचा एक लांब फटका आला, जीव नसलेला, आणि आपल्या गोलकीपरनं तो छातीशी धरला. सगळ्यांनी श्वास सोडला. वेळ काढायला तो चेंडूवर झोपला, मग सावकाश उठला, हातानं सगळ्यांना पुढं जा, पुढं जा म्हणाला.

त्यांचा नऊ नंबर धावत गोलरेषेच्या बाहेर गेला होता. तो परत आलाच नाही. तिथंच खांबाच्या मागं वाकून बुटाची नाडी बांधत बसला. गोलकीपरला तो दिसत नव्हता. कोपऱ्यातल्या एकूण एक माणसाला दिसत होता.

आणि गोलकीपरनं चेंडू जमिनीवर ठेवला.

ओरडले तर सगळेच. बायका ओरडल्या, पोरं ओरडली. पण गोलकीपरच्या कानाला सवय एकाच आवाजाची. भोंगा कठड्यावर पोटापर्यंत वाकला होता, दोन्ही हात तोंडाशी, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. "मागं! मागं माणूस!"

नऊ नंबर उठला, चार पावलं आला, गोलकीपरच्या पायापुढून चेंडू काढला आणि मोकळ्या गोलमध्ये ढकलला. इतक्या हळू, की चेंडू रेषेच्या आत जाईपर्यंत माणसाला देवाचं नाव घेता आलं असतं. गोलकीपरला कळलंच नाही आधी. तो आपल्या रिकाम्या पायाकडं बघत राहिला.

मग बाकीचं सगळं स्टेडियम उसळलं. त्यांच्या डोक्यावर साधे पत्रे होते. त्यांचा आवाज छतावर आपटून दुप्पट होऊन येत होता.

शिट्टी झाली तेव्हा आपले खेळाडू तिथंच बसले. भोंग्यानं मैदानाकडं पाठ केली आणि खुर्चीवर बसला. ते खाली गेल्याचं दुःख मोठंच होतं. पुढच्या हंगामात कुठल्या तरी पटांगणावर, दोरी बांधून लोक अडवलेल्या ठिकाणी खेळायचं, चांगली पोरं दुसरे संघ घेऊन जाणार, गोलकीपर तर जाणारच किंवा खेळणं सोडणार. पण पत्र्याला त्या क्षणी यातलं काही सुचत नव्हतं. तो भोंग्याकडं बघत होता.

पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत. बाहेरची गर्दी पांगेपर्यंत कोपऱ्याचं दार लावून ठेवतात. कोंडलेली माणसं पायऱ्यांवर बसून राहिली. समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. पिशव्या घेतलेल्या बायका रांगेरांगेतून कागद वेचू लागल्या. मैदानावर पाण्याचे फवारे सुरू झाले, जणू काही झालंच नाही, गवताला तहान लागली एवढंच.

"त्यानं ऐकलं नाही," भोंगा म्हणाला.

"हं."

"हं काय? मी ओरडलो ना? तू शेजारी होतास. ओरडलो की नुसतं तोंड उघडलं?"

 पत्र्या वर बघत होता. मग त्यानं सांगून टाकलं. उन्हाळा, लटकणं, भोकं, लोकर, साहेब, सगळं. भोंगा ऐकत राहिला.

"तू बसवलंस?"

"हो."

"हे? आपल्या डोक्यावरचं?"

"तेव्हा माहीत नव्हतं रे कोणाचा कोपरा ते."

"सगळी दुनिया सोडून याच लोकांवर छत्री धरायला गेलास, गाढवा?" भोंगा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळे पुसले. "आणि कामही चोख केलंस. एखादं तरी भोक बुजवायचं राहू द्यायचं!"

"भोकं बुजवायची नसतात, भोकंच आवाज खातात."

"दाखव."

पत्र्यानं टाळी वाजवली. टाळी वर गेली आणि गेलीच. भोंग्यानंही वाजवली. पुन्हा वाजवली. आणि पत्र्यानं बघितलं तर त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला होता.

"म्हणजे हा सामना धरायचा नाही."

"म्हणजे?"

"अरे म्हणजे माझा आवाज गेलाच नव्हता, तुझ्या छतानं खाल्ला. मला वाटलं मीच संपलो." तो उठून उभा राहिला. "सोमवार रद्द. नवा हंगाम सुरू होऊ दे. पहिला सामना आपल्याकडं, आपल्या टिनाच्या छपराखाली. तिथं एकदा सगळ्यांना नीट पुकारतो, हात वर झालेले बघतो, मग डॉक्टर म्हणेल तिथं मान ठेवतो. हा काय शेवट झाला? शेवटचं ओरडलो आणि ते लोकरीत गेलं?"

"नवा हंगाम पावसाळ्यानंतर आहे."

"मग?"

"डॉक्टर काय म्हणाले? उशीर करू नका."

"डॉक्टर फुटबॉल बघत नाहीत."

 पत्र्याला वाटलं होतं, छताचं सांगितलं की मित्राला जरा बरं वाटेल. बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं की आता तो मरायला तयार झाला होता. वहिनी दारात उभ्या दिसल्या त्याला. पटवून आणा. आणि समोर ते स्टेडियम, उन्हाळाभर ज्याच्यावर जीव लावला ते, चकचकीत, गार, आतून ओलं. त्याला कुणाचंच काही नव्हतं. ना जिंकणाऱ्यांचं, ना हरणाऱ्यांचं. त्याचं त्याला पुरेसं होतं. असल्या ठिकाणाला आपण देऊळ म्हणत होतो, याची पत्र्याला किळस आली.

"भोंग्या, बस."

"काय?"

"बस म्हणतो ना."

भोंगा बसला.

"छताचं खरं आहे. पण छत आपल्या डोक्यावर होतं. तुझ्या माझ्यामधे नव्हतं." पत्र्या त्याच्याजवळ सरकला. "माझा खांदा तुझ्या खांद्याला लागलेला होता. तू ओरडलास तेव्हा मला ऐकू आलं नाही. तुझ्या मानेच्या शिरा दिसल्या, ओठ दिसले, त्यावरून कळलं की मागं माणूस म्हणतोयस. आवाज नव्हता. नुसती हवा."

भोंगा वर छताकडं बघू लागला.

"आपल्या टिनाखालीही नसता आला."

"मघाशी का नाही सांगितलंस?"

"तू रडत होतास."

"मी? मी खोकत होतो."

"डोळ्यांनी?"

एरवी यावर शिवी आली असती. भोंगा उठला, पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. फवारे बंद झाले. कागद वेचणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत समोरच्या दारानं निघून गेल्या, आणि त्यांच्या हाका इथपर्यंत स्वच्छ आल्या. पत्र्या तिथंच बसून राहिला. त्याला वाटलं, आज संघ गेला आणि मित्रही गेला. सांगायला नको होतं. आणि सांगितलं नसतं तर? दोन्ही बाजूंनी अंधारच होता.

दार उघडलं. गणवेशातला माणूस "चला, चला" करू लागला. लोक गुडघे धरत उठले. भोंगा परत वर आला तेव्हा त्यानं मफलर पुन्हा गुंडाळला होता.

"बाजारातला आडत्या मला 'या' म्हणायला लागलाय," तो म्हणाला. पत्र्याला वाकून ऐकावं लागलं. "काल-परवापर्यंत 'ये रे बैला' म्हणायचा. घरी ही भांडत नाही. भाजीत मीठ नाही म्हटलं तर 'बरं' म्हणते. बरं! ती!"

"घाबरल्यात त्या."

"उद्या गळ्याला भोक पाडतील, तिथून मी घरघर करीन. आणि सगळे माना हलवतील. छान येतंय हो ऐकू. छान येतंय. मला त्याचीच भीती आहे रे. कापायची नाही. मी काहीतरी सांगत असेन, कुणाला एक अक्षर कळलेलं नसेल, आणि सगळे माना हलवत असतील." तो थांबला, दम घेतला. "तू आत्ता बोललास ते फार वाईट बोललास."

"माहितीये."

"तसं बोलणारा एक तरी पाहिजे. नाहीतर मी सोमवारी येत नाही. ही अट समज."

मागून गणवेशवाला ओरडला, "ओ, तुम्ही दोघं, घर नाही का?" दोघं पायऱ्या उतरू लागले. बोळात गर्दी तुंबली होती. पत्र्यानं भोंग्याचा दंड धरला.

"सोमवारी सकाळी मी तुझ्या दारात असेन," तो म्हणाला. "आणि त्यानंतर तू जे काही बोलशील, ते मला कळलं नाही तर तोंडावर सांगेन, कळलं नाही, परत बोल. मान हलवणार नाही. हसू आलं तर हसेन. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणेन, आणि तरी परत बोल म्हणेन. कळेपर्यंत."